डेटाबेस लायब्ररीत कर्सर लिहिताय? मग या क्रमाने लिहा

डेटाबेसची क्लायंट लायब्ररी लिहिणारे, किंवा ऑफिसात आहे त्याच ड्रायव्हरवर स्वतःचं रॅपर चढवणारे बहुतेक जण कर्सरची (क्वेरीच्या उत्तरातल्या रो, म्हणजे ओळी, क्रमाने हातात देणाऱ्या ऑब्जेक्टची) सुरुवात फेचवन, फेचमेनी, फेचऑल या तीन मेथडपासून करतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. मेथडची नावं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पायथनवाल्यांना तर ती पेप २४९ मध्ये (पायथनच्या डेटाबेस लायब्रऱ्यांसाठी ठरवलेल्या नमुन्यात) तयार मिळतात. अवघड प्रश्न वेगळाच आहे: क्वेरी चालल्यावर रो नक्की कुठे पडून आहेत, आणि त्या तिथे आहेत तोवर काय काय अडकून राहिलंय? मेमरी, कनेक्शन, ट्रान्झॅक्शन, यातलं काहीतरी एक अडकणारच. ते काय अडकलंय हे वापरणाऱ्याला तुमच्या इंटरफेसकडे बघून कळलं पाहिजे, सगळं काम त्यासाठीच आहे.

उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस आणि पायथनची घेतलीत कारण तिथे सगळ्या खाचाखोचा उघड दिसतात, पण मध्ये मध्ये जावा, गो, मायएसक्यूएल पण येईल. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, पुढची प्रत्येक पायरी आधीच्या निर्णयावर उभी आहे.

## आधी तयारी: कोड लिहिण्याआधी चार उत्तरं

एक कागद घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात लिहा. वाक्य लांबायला लागलं तर समजा अजून ठरलेलं नाही.

पहिला, सगळ्यात मोठा रिझल्ट किती रोचा येणार आणि एक रो साधारण किती बाइटची. दुसरा, वापरणारा दोन रोच्या मध्ये काय करणार आहे, नुसती फाइलमध्ये ओळ लिहिणार की प्रत्येक रोसाठी एखाद्या बाहेरच्या सर्व्हिसला कॉल मारणार. तिसरा, रिझल्ट अर्धवट वाचलेला असताना त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवायची गरज पडेल का. चौथा, कनेक्शन थेट डेटाबेसला जातं की मध्ये पूलर (थोडी कनेक्शन अनेकांना आलटून पालटून वाटणारा प्रोग्राम) आहे.

पहिल्या प्रश्नात आपल्याकडचे लोक हमखास एक गोष्ट विसरतात. रोचा साइज अक्षरं मोजून काढू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर, काना, मात्रा असा एकेक सुटा घटक) ३ बाइट घेतो. "महाराष्ट्र" या शब्दात काना, हलंत वगैरे धरून १० कोडपॉइंट आहेत, म्हणजे ३० बाइट. नाव-पत्ता मराठीत असलेल्या टेबलचा अंदाज इंग्रजी नमुना डेटावरून काढलात तर मजकुराच्या कॉलमपुरता आकडा जवळपास तिप्पट चुकतो. आणि सी-मधल्या फिक्स साइजच्या बफरमध्ये मजकूर तुकड्या-तुकड्याने घेत असाल तर तुकडा अक्षराच्या मधोमध तुटू शकतो, म्हणून डीकोड नेहमी पूर्ण फील्ड हातात आल्यावरच करा.

तपासा: चारही उत्तरं लिहिली? दुसरं आणि चौथं उत्तर "माहीत नाही" असेल तर जे लोक ही लायब्ररी वापरणार त्यांना आत्ताच विचारा, नंतर विचारून इंटरफेस बदलता येत नाही.

## पायरी १: रो कुठे राहणार ते ठरवा, आणि ते नावात दिसू द्या

पर्याय तीनच आहेत.

सगळं क्लायंटवर. एक्झिक्यूट केलं की सगळा रिझल्ट नेटवर्कवरून येऊन तुमच्या प्रोसेसच्या मेमरीत बसतो, मग फेचवन म्हणजे नुसतं लिस्टमधून पुढचं उचलणं. पोस्टग्रेसच्या पायथन ड्रायव्हरचा, म्हणजे सायकोपीजी २ चा साधा कर्सर असाच आहे, मायएसक्यूएलच्या सी लायब्ररीत स्टोअर-रिझल्ट हेच करतं. चांगली बाजू अशी की कनेक्शन लगेच मोकळं होतं, एकूण रो किती ते पक्कं कळतं, आणि एरर यायचा असेल तर एक्झिक्यूटलाच येतो. वाईट बाजू मेमरी. ५०० बाइटच्या १० लाख रो म्हणजे कच्चा डेटाच ५० कोटी बाइट, पायथनचे टपल आणि ऑब्जेक्ट बनल्यावर त्याच्या कितीतरी वर.

वाहता रिझल्ट. सर्व्हर रो पाठवत राहतो, तुम्ही वाचाल तशी सॉकेट पुढे सरकते. लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीचा सिंगल-रो मोड हा प्रकार, मायएसक्यूएलचा यूज-रिझल्ट पण हाच. मेमरी कमी लागते, जादा राउंड ट्रिप (सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या फेऱ्या) नाहीत, पण शेवटची रो वाचेपर्यंत कनेक्शन पूर्ण अडकलेलं. वापरणारा हळू असला तर सर्व्हरलाही थांबून राहावं लागतं, आणि मायएसक्यूएलमध्ये नेट-राइट-टाइमआउट डीफॉल्टला ६० सेकंदांचा असतो, तेवढा वेळ तुम्ही काहीच वाचलं नाही आणि सर्व्हरचं लिहिणं अडलं तर तो कनेक्शन तोडून मोकळा होतो.

सर्व्हरवरचा कर्सर. क्वेरी सर्व्हरवर उघडी राहते, तुम्ही बॅचने मागता: १००० द्या, अजून १००० द्या. दोन बॅचच्या मध्ये त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येते. बदल्यात दर बॅचला एक राउंड ट्रिप, आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवावं लागतं (पायरी ५ मध्ये यावर सविस्तर).

आता खरी चूक बघा. तिन्ही प्रकार एकाच क्लासमागे लपवायचे आणि एखाद्या सेटिंगवरून आतल्या आत ठरवायचं, हा मोह टाळा. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी, म्हणजे जावाच्या ड्रायव्हरमध्ये सेट-फेच-साइज ही मेथड आहे, लोक १००० देतात आणि निश्चिंत होतात. पण ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंट आपोआप कमिट होणं) चालू असेल, किंवा रिझल्टसेट पुढे-मागे जाणारा मागितला असेल, किंवा एकाच स्ट्रिंगमध्ये सेमीकोलनने दोन स्टेटमेंट असतील, तर ती सूचना काही न बोलता बाजूला पडते आणि सगळा रिझल्ट मेमरीत येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसती मेमरी संपते. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्ये तर एकेक रो वाहती हवी असेल तर फेच साइज म्हणून इंटिजरची सगळ्यात लहान ऋण संख्या द्यावी लागते! असा इंटरफेस नव्या लायब्ररीत आणू नका.

त्यापेक्षा तीन वेगळ्या मेथड द्या: एक सगळं आणणारी, एक स्ट्रीम करणारी, एक सर्व्हरवर कर्सर उघडणारी. तिसरीला ट्रान्झॅक्शन लागत असेल आणि ते चालू नसेल तर तिथल्या तिथे एक्सेप्शन टाका. परत मिळणारा ऑब्जेक्टही वेगवेगळ्या टाइपचा ठेवा, म्हणजे क्लायंटवरच्या रिझल्टला लांबी विचारता येईल आणि स्ट्रीमला ती मेथडच नसेल.

इशारा: "आम्ही डेटा बघून आपोआप ठरवू" असं आश्वासन देऊ नका. रिझल्ट किती मोठा आहे हे तो येईपर्यंत कुणालाच माहीत नसतं, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरचा अंदाज तुमच्याकडे असला तरी तो अंदाजच.

## पायरी २: अवस्था लिहून काढा

कर्सरच्या अवस्था कागदावर काढा: नवा, चालू, रो शिल्लक, संपला, बिघडला, बंद. मग प्रत्येक अवस्थेत प्रत्येक मेथड बोलावली तर काय होईल याचा तक्ता भरा. कंटाळवाणं काम आहे पण अर्धे बग इथेच मरतात.

तक्त्यातल्या या चौकटी लोक रिकाम्या सोडतात:

- अजून एक्झिक्यूट केलंच नाही आणि फेच मारला. पेप २४९ म्हणतं एरर द्या. काही लायब्रऱ्या गुपचूप "रो नाही" असं उत्तर देतात, मग वापरणाऱ्याला वाटतं टेबल रिकामं आहे.
- अपडेट स्टेटमेंट चालवलं आणि फेच मारला. इथेही एररच. रिझल्टसेट रिकामा असणं आणि रिझल्टसेटच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क्रिप्शन या अॅट्रिब्यूटवरून फरक कळला पाहिजे: सिलेक्टने शून्य रो दिल्या तरी कॉलमची यादी भरलेली असते, अपडेटनंतर ती नन (पायथनचं "काहीच नाही") असते.
- संपला, आणि परत फेच मारला. दर वेळी तेच उत्तर आलं पाहिजे. पहिल्यांदा नन आणि दुसऱ्यांदा एक्सेप्शन असं नको.
- रो शिल्लक असताना त्याच कर्सरवर नवीन एक्झिक्यूट. एकतर जुना रिझल्ट नीट बंद करून पुढे जा, नाहीतर एरर द्या. दोन्ही चालतं, पण काय करता ते ठरवून लिहा.
- बंद केलेला पुन्हा बंद केला. काहीच होऊ नये. क्लीनअपच्या कोडमध्ये क्लोज दोनदा बोलावला जाणं रोजचं आहे, तिथे एक्सेप्शन आलं तर मूळ एरर झाकला जातो.

एक मत स्पष्ट सांगते. नवीन लायब्ररी असेल आणि पेप २४९ पाळायची सक्ती नसेल तर एकच कर्सर पुन्हा पुन्हा एक्झिक्यूट करायची सोयच देऊ नका. एक क्वेरी, एक रिझल्ट ऑब्जेक्ट, वापरला की गेला. तक्ता निम्मा होतो आणि "आधीच्या क्वेरीचा रोकाउंट (रोचा आकडा) अजून दिसतोय" ही तक्रार कधीच येत नाही.

तपासा: तक्त्यात "अनडिफाइन्ड" असं लिहिलेली एकही चौकट उरली नाही ना?

## पायरी ३: एक्झिक्यूट आणि रिझल्टची माहिती

पॅरामीटर वेगळे घ्या, स्ट्रिंग जोडायची वेळ वापरणाऱ्यावर आणू नका. पेपमध्ये पॅरामीटर लिहायच्या पाच पद्धती आहेत, तुम्ही एकच निवडा.

डिस्क्रिप्शनमध्ये पेपप्रमाणे दर कॉलमला सात गोष्टी असतात, त्यातली नाव आणि टाइप कोड या दोनच सक्तीच्या. बाकीच्या माहीत नसतील तर नन ठेवा, शून्य भरू नका. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल फक्त नाव देतं आणि उरलेल्या सहा जागी नन ठेवतं. एसक्यूलाइटमध्ये टाइप कॉलमचा नसून प्रत्येक व्हॅल्यूचा असतो, त्यामुळे तिथे खोटं काही न भरणं हेच योग्य.

रोकाउंटचं तसंच. स्ट्रीम आणि सर्व्हर कर्सरमध्ये एकूण रो किती ते एक्झिक्यूटच्या वेळी माहीत नसतं, पेप त्यासाठी उणे १ ची मुभा देतं. तुमच्या भाषेत "माहीत नाही" दाखवायची याहून बरी सोय असेल तर ती वापरा, कारण उणे १ ला शून्याशी तुलना करून "रो नाहीत" असं समजणारा कोड मी खूप ठिकाणी बघितलाय. आणि फक्त आकडा देता यावा म्हणून आतल्या आत काउंटची दुसरी क्वेरी चालवू नका, ती महाग तर पडतेच पण रीड कमिटेड आयसोलेशनमध्ये (जिथे प्रत्येक क्वेरीला तोवर कमिट झालेला ताजा डेटा दिसतो) तिचं उत्तर मूळ क्वेरीशी जुळेलच असं नाही.

इशारा: रो डिक्शनरीच्या रूपात देत असाल तर जॉइनमध्ये दोन्ही टेबलांत आयडी नावाचा कॉलम आला की एक गळतो. डीफॉल्टला क्रमाने टपल द्या, डिक्शनरी हवी त्याने मागून घ्यावी, आणि नाव दोनदा आलं तर तिथेच एरर द्या.

## पायरी ४: फेच

इथे बॅचचा हिशेब आधी. समजा राउंड ट्रिप अर्धा मिलीसेकंद आहे आणि १० लाख रो वाचायच्यात. एका वेळी एक रो मागितली तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांच्या वर, नुसत्या ये-जा करण्यात. २००० च्या बॅचने मागितल्या तर ५०० फेऱ्या आणि पाव सेकंद. एवढा फरक असताना डीफॉल्ट काय ठेवता याला फार महत्त्व आहे. पेपमध्ये अॅरेसाइजचं डीफॉल्ट १ आहे, म्हणजे फेचमेनी काही न सांगता बोलावलं की एकच रो! सायकोपीजी २ मध्ये नाव दिलेला सर्व्हर कर्सर लूपमध्ये फिरवला तर आत इटरसाइजप्रमाणे २००० च्या बॅच येतात, पण त्याच कर्सरवर फेचवनचा लूप लावला तर प्रत्येक रोला सर्व्हरची फेरी. दिसायला दोन्ही कोड सारखेच, वेगात जमीन-अस्मान.

म्हणून तुमच्या लायब्ररीत फेचवन, फेचमेनी आणि लूप, तिघंही एकाच आतल्या बफरमधून वाढा. बफर रिकामा झाला की एक बॅच मागवायची, मग कुणी एक मागो की पन्नास. बॅचचा आकडा वापरणाऱ्याला बदलता आला पाहिजे, आणि रो जाड असतील (पीडीएफ, फोटो कॉलममध्ये ठेवणारे लोक आहेतच) तर रोच्या आकड्यासोबत बाइटची मर्यादाही ठेवा: मागच्या बॅचमधली सरासरी बघून पुढची बॅच लहान करायची.

पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा: संपलं आणि बिघडलं हे दोन वेगळे रस्ते ठेवा. गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत नेक्स्ट ही मेथड रो संपल्या तरी फॉल्स देते आणि मध्येच नेटवर्क तुटलं तरी फॉल्सच देते, काय झालं ते लूपनंतर Rows ऑब्जेक्टच्या एरर मेथडला विचारावं लागतं. ही तपासणी विसरलेला कोड अर्धाच डेटा वाचून "झालं" म्हणतो आणि कुणालाच पत्ता लागत नाही, महिन्याच्या रिपोर्टमध्ये रक्कम कमी येते तेव्हा शोधाशोध. तुमच्या भाषेत एक्सेप्शन असेल तर ते वापरा. नसेल तर रो देणाऱ्या मेथडमधूनच तीन उत्तरं द्या, रो, शेवट, एरर, म्हणजे एररकडे दुर्लक्ष करायचं तर ते मुद्दाम करावं लागेल.

एरर मध्येच कसा येतो असं वाटत असेल तर, सर्व्हर रो तयार होतील तशा पाठवतो, सगळ्या तयार होईपर्यंत थांबत नाही. ४९९९ रो छान आल्या आणि पाच हजाराव्या रोला शून्याने भागाकार निघाला, असं होतंच. तोवर वापरणाऱ्याने ४९९९ रोवर काम केलेलं असतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्ट्रीम मेथडच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

आणि नल. जेडीबीसीमध्ये गेट-इंटने नल कॉलम वाचला की ० मिळतो आणि मग वॉज-नल विचारावं लागतं. विसरलात की थकबाकी "माहीत नाही" असलेला ग्राहक थकबाकी शून्य असलेला होतो. नलला स्वतःची व्हॅल्यू द्या, नन असो की ऑप्शन असो.

तपासा: बॅच १००० ची आणि रिझल्ट नेमका २००० रोचा असेल तर काय होतं? "बॅच भरून आली म्हणजे अजून आहे" असं धरणाऱ्या लूपला इथे एक रिकामी बॅच मिळते, ती शेवट म्हणून नीट हाताळली जाते का ते बघा.

## पायरी ५: ट्रान्झॅक्शनशी नातं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे घाई करू नका.

पोस्टग्रेसमध्ये डिक्लेअर करून उघडलेला साधा कर्सर ट्रान्झॅक्शनपुरताच जगतो. कमिट झालं की गेला. नेहमीचा बग असा: लूपमध्ये रो वाचायची, तिच्यावर अपडेट मारायचा, दर १०० रोला कमिट. पहिल्या कमिटनंतर पुढची बॅच मागितली की "असा कर्सरच नाही" म्हणून एरर. छोट्या टेस्ट डेटावर हे सापडत नाही कारण सगळ्या रो पहिल्याच बॅचमध्ये आलेल्या असतात.

यावर लोक लगेच विथ होल्ड लावतात. तो कर्सर कमिटनंतरही राहतो, पण कसा राहतो ते समजून घ्या: कमिटच्या वेळी सर्व्हर उरलेला सगळा रिझल्ट तयार करून मेमरीत किंवा टेम्पररी फाइलमध्ये उतरवतो. म्हणजे कमिट अचानक जड होतो, आणि क्वेरीत काही चूक असेल तर ती कमिटच्या वेळी बाहेर येऊ शकते. शिवाय फॉर अपडेट (वाचलेल्या रो लॉक करा असं सांगणारं) असलेल्या क्वेरीला विथ होल्ड चालत नाही, आणि पीजीबाउन्सर हा पूलर ट्रान्झॅक्शन मोडवर असेल तर विथ होल्डला सपोर्ट नाही कारण पुढचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच सर्व्हर कनेक्शनवर जाऊ शकतं. तयारीतला चौथा प्रश्न यासाठीच होता. विथ होल्ड द्या, पण वेगळ्या नावाच्या पर्यायाने, डीफॉल्ट म्हणून कधीच नको.

वायर प्रोटोकॉलवर (क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांना पाठवतात त्या मेसेजवर) थेट काम करत असाल तर अजून एक सापळा. एक्झिक्यूट मेसेजमध्ये जास्तीत जास्त रोचा आकडा देता येतो, तेवढ्या रो आल्या की सर्व्हर पोर्टल-सस्पेंडेड म्हणतो आणि पुन्हा एक्झिक्यूट पाठवून पुढच्या घेता येतात. पण मध्ये तुम्ही सिंक (इथवरचं काम पूर्ण करा असं सांगणारा मेसेज) पाठवलात आणि बिगिन केलेलं नसेल, तर सिंकबरोबर ते आतलं ट्रान्झॅक्शन बंद होतं आणि पोर्टल (सर्व्हरवरची अर्धवट चाललेली क्वेरी) नष्ट. बॅचच्या मध्ये एकतर आधी बिगिन करा, किंवा सिंकऐवजी फ्लश (तयार उत्तरं पाठवून द्या एवढंच सांगणारा मेसेज) वापरा. फ्लशच्या वाटेने गेलात तर दुसरी क्वेरी मध्ये घुसवू नका, आणि एरर आला की सर्व्हर सिंक येईपर्यंतचे सगळे मेसेज टाकून देतो हे लक्षात ठेवा, तिथे सिंक पाठवायला विसरलात तर तुमची लायब्ररी येणारच नाही अशा उत्तराची वाट बघत बसेल.

आता दुसरी बाजू. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं म्हणजे वापरणारा दोन रोच्या मध्ये जे काही करतो तेवढा वेळ ते उघडं. प्रत्येक रोमागे ईमेल पाठवणारा लूप तासभर चालला तर तासभर जुना स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) धरून ठेवला, तेवढ्या वेळात मेलेल्या रो व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या कामाला) साफ करता येत नाहीत, टेबल फुगत जातं. डीबीएने आयडल-इन-ट्रान्झॅक्शन टाइमआउट लावला असेल तर सेशनच मारला जातो. अशा कामाला सर्व्हर कर्सर हे साधनच चुकीचं आहे. त्यांना आयडीच्या क्रमाने पान-पान वाचायची मेथड द्या: शेवटचा आयडी लक्षात ठेवा, त्याच्या पुढच्या १००० मागा, ट्रान्झॅक्शन बंद, काम करा, पुन्हा मागा. त्यात सगळ्या पानांना मिळून एकच स्नॅपशॉट मिळत नाही हे मात्र लिहून ठेवा. ऑफसेट वापरून पानं करू नका, मागच्या रो दर वेळी पुन्हा चाळल्या जातात आणि मध्ये कुणी रो डिलीट केली की एखादी रो सुटते.

एक छोटी गोष्ट जी क्वचितच कुणी बघतं: डिक्लेअरने उघडलेल्या कर्सरसाठी पोस्टग्रेसचा प्लॅनर असं धरतो की तुम्ही साधारण दहावा हिस्साच वाचणार, कर्सर-टपल-फ्रॅक्शनचं डीफॉल्ट ०.१ आहे. त्यामुळे पहिली रो पटकन देणारा प्लॅन निवडला जातो. पूर्ण रिझल्ट वाचायचा असेल तर तीच क्वेरी कर्सरमधून चालवल्यावर हळू वाटू शकते. तुमच्या लायब्ररीला माहीत असेल की शेवटपर्यंत वाचायचंय, तर त्या ट्रान्झॅक्शनपुरतं ते १.० करायची सोय द्या.

## पायरी ६: बंद करणं आणि मध्येच सोडणं

वापरणारा लूपमधून ब्रेक मारणार हे गृहीत धरा. पहिली हवी ती रो मिळाली, निघाला. मग काय होतं?

क्लायंटवरच्या रिझल्टला काहीच नाही, मेमरी सुटते. सर्व्हर कर्सरला क्लोज पाठवावा लागतो. वाहत्या रिझल्टचं अवघड आहे: उरलेल्या रो सॉकेटमध्ये येतच आहेत, त्या वाचून टाकल्याशिवाय कनेक्शन पुढच्या क्वेरीला वापरता येत नाही. पाय-मायएसक्यूएल या पायथन ड्रायव्हरचा एसएस-कर्सर क्लोज केला की उरलेला रिझल्ट वाचून फेकतो. एक रो हवी होती आणि क्लोजला दोन मिनिटं लागली, हे त्यामुळेच. पर्याय म्हणजे क्वेरी रद्द करणं, किंवा कनेक्शनच टाकून देणं. लायब्ररीने यातलं काय डीफॉल्टला करायचं ते ठरवा. थोड्या रो वाचून बघायच्या, संपलं नाही तर रद्द करायचं, रद्दही जमलं नाही तर कनेक्शन तोडायचं, असा क्रम चांगला चालतो.

रद्द करण्यातली मेख: पोस्टग्रेसमध्ये कॅन्सल वेगळ्या कनेक्शनवरून प्रोसेस आयडी आणि सिक्रेट की देऊन पाठवतात, आणि तो पोचेपर्यंत मूळ क्वेरी संपलेली असू शकते. त्याच कनेक्शनवर तुम्ही लगेच पुढची क्वेरी सोडलीत तर कॅन्सल तिला लागतो, बिचारी काही संबंध नसताना मरते. म्हणून कॅन्सल पाठवल्यावर ते कनेक्शन सर्व्हरने बंद करेपर्यंत थांबा, आणि मूळ कनेक्शनवर रेडी-फॉर-क्वेरी येईपर्यंत वाचत राहा. मगच ते पूलमध्ये परत.

अॅसिंक लायब्ररीत टास्क कुठेही रद्द होऊ शकतो, अर्धा मेसेज वाचलेला असतानाही. तिथे कनेक्शन "घाण" म्हणून मार्क करा. अर्धवट सॉकेट पूलमध्ये परत गेली की एकाच्या क्वेरीचं उत्तर दुसऱ्याला मिळतं, आणि हा बग शोधायला सगळ्यात वाईट.

बंद करायचा मुख्य रस्ता पायथनमध्ये विथ ब्लॉक, जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस, गोमध्ये डिफर. मात्र ब्लॉक संपल्यावर नक्की काय बंद होतं ते नीट सांगा. सायकोपीजी २ मध्ये कनेक्शनवर विथ लावलं तर शेवटी कमिट किंवा रोलबॅक होतो पण कनेक्शन उघडंच राहतं, सायकोपीजी ३ मध्ये तेच लिहिलं तर कनेक्शन बंद होतं. एकातून दुसऱ्यात जाणारे हमखास अडखळतात.

इशारा: गार्बेज कलेक्टरच्या भरवशावर कर्सर बंद करू नका. फायनलायझर कधी चालेल, कुठल्या थ्रेडवर चालेल याची खात्री नाही, आणि तिथून नेटवर्कवर मेसेज पाठवणं म्हणजे दुसऱ्या थ्रेडच्या चालू क्वेरीत ढवळाढवळ. फायनलायझरने फक्त वॉर्निंग द्यावी.

## पायरी ७: एकाच कनेक्शनवर दोघं

वाहता रिझल्ट अर्धा वाचलाय आणि त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी आली. मायएसक्यूएलची सी लायब्ररी यावर "कमांड्स आउट ऑफ सिंक" म्हणते, ज्यावरून नवख्याला काहीच बोध होत नाही. तुमच्या एररमध्ये सांगा की कनेक्शन अमुक क्वेरीच्या न संपलेल्या स्ट्रीममध्ये अडकलंय, ती संपवा किंवा दुसरं कनेक्शन घ्या. क्वेरीची पहिली ५०-६० अक्षरं त्यात असली तरी माणसाचा अर्धा दिवस वाचतो. पॅरामीटरच्या व्हॅल्यू मात्र एररमध्ये टाकू नका, त्यात लोकांचे फोन नंबर, आधार नंबर असतात.

थ्रेडबद्दल पेपमध्ये ० ते ३ अशी पातळी सांगायची सोय आहे, २ म्हणजे कनेक्शन थ्रेडमध्ये वाटून घेता येतं पण कर्सर नाही. कर्सर वाटून घेता येईल असं (पातळी ३) आश्वासन देऊ नका. लॉक लावून क्रॅश टळेल, पण दोन थ्रेड एकाच कर्सरवरून आलटून पालटून रो उचलायला लागले तर कुणाला कुठली रो मिळाली याला काही अर्थ उरत नाही.

## पायरी ८: टेस्ट, आणि त्या मोठ्या डेटावर

पाच रोच्या टेबलवर कर्सरची टेस्ट म्हणजे टेस्टच नाही. डेटा बॅचपेक्षा मोठा पाहिजे, किंवा टेस्टपुरती बॅच ३ ची करा. किमान एवढ्या टेस्ट लिहा:

1. रिझल्ट ० रोचा, १ रोचा, बॅचएवढा, बॅचपेक्षा एकने जास्त, बॅचच्या दुप्पट.
2. मध्येच फुटणारी क्वेरी. जनरेट-सिरीजने १ ते १०००० आकडे घ्या आणि १ ला "आकडा वजा ५०००" ने भागा. बॅच १००० ची असेल तर पाचव्या बॅचला एरर यायला हवा, आणि त्यानंतर रोलबॅक करून तेच कनेक्शन परत वापरता यायला हवं.
3. दुसऱ्या रोनंतर ब्रेक, मग लगेच त्याच कनेक्शनवर साधी क्वेरी. उत्तर त्याच क्वेरीचं आलं का?
4. बॅचच्या मध्ये कमिट. साध्या कर्सरला समजेल असा एरर, विथ होल्डला पुढच्या रो.
5. वाचता वाचता सर्व्हरकडून सेशन मारणं. लूप शांतपणे संपला तर टेस्ट नापास.
6. देवनागरी मजकूर, नल, आणि एकाच नावाचे दोन कॉलम असलेली रो.
7. मेमरी. १० लाख रो स्ट्रीम करताना प्रोसेसची मेमरी एका पातळीवर थांबते का, की चढत जाते.

कर्सर उघडे राहतात का हे बघायला पोस्टग्रेसमध्ये पीजी-कर्सर्स नावाचा व्ह्यू आहे. तो फक्त चालू सेशनचे कर्सर दाखवतो, त्यामुळे दुसऱ्या कनेक्शनवरून बघून "एकही नाही, छान" असं समजू नका, त्याच कनेक्शनवर विचारा. तुमच्या लायब्ररीने बनवलेल्या कर्सरच्या नावाला एक ठरलेली सुरुवात द्या म्हणजे गाळून मोजता येतात, आणि नाव ६३ बाइटच्या आत ठेवा, त्यापुढचं पोस्टग्रेस कापून टाकतं आणि लांब नावांचे दोन कर्सर एकाच नावाचे होऊन बसतात. पूलमध्ये कनेक्शन परत येताना ही मोजणी टेस्ट मोडमध्ये चालू ठेवा, शून्य नसेल तर त्याच जागी बिल्ड पाडा आणि कर्सर कुठल्या ओळीवर उघडला होता ते छापा.